यादीतून काढलेला क्षार

पावसाळ्यात लोणावळ्याच्या आमच्या घरात मीठ कोरडं राहत नाही. बरणीत तांदळाचे दाणे टाका, झाकणाखाली कागद घाला, श्रावण अर्धा होईपर्यंत त्याची ढेप होतेच, आणि आई ती चमच्याच्या दांड्यानं फोडत हवेला नावं ठेवते. मी ओट्याशी उभी राहून त्या ढेपेकडे बघत राहते. मिठानं हवेतलं पाणी ओढून घेतलेलं असतं, दाण्यादाण्याभोवती दाट खाऱ्या पाण्याचा पातळ थर साचलेला असतो, आणि अशा थरात नेमकं काय चाललंय हे सांगण्यावर आमचं घर चालतं.

मी रसायन अभियंता आहे. कारखान्यांत क्षारांचं पाणी असतं, सांडपाणी म्हणा, धुण्याचं पाणी म्हणा. ते आटवत नेलं किंवा गार केलं तर त्यातून कोणता क्षार, कधी आणि किती खाली बसेल, याचं गणित मी संगणकावर मांडते. हे काम घरी बसून होतं. शेजारच्या काकूंनी विचारलं की आई सांगते, "ती खाऱ्या पाण्याचं भविष्य सांगते." तिला वाटतं ती मला चिडवतेय. खरं तर माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन माझ्या बायोडेटातही नाही.

हे काम मला आवडतं ते त्यात डोळे अर्धे मिटून बसता येतं म्हणून. खिडकीबाहेर दरी आहे, पण जून ते सप्टेंबर तिथं नुसतं पांढरं असतं. धुकं गजांतून आत येतं, टेबलावरच्या कागदांना ओल देतं आणि विचारल्याशिवाय परत जातं. अशा वेळी मला पडद्यावरचे आकडे दिसत नाहीत, आयन दिसतात. पाण्यात पडलेला क्षार फुटून त्याचे जे भार असलेले कण होतात, ते. मला ते पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारखे वाटतात आणि पाण्याचे रेणू वाढप्यांसारखे. पाणी भरपूर असलं की प्रत्येक पाटापुढे चार वाढपी वाकून उभे, कुणाचा कुणाला धक्का नाही. पाणी आटायला लागलं की वाढपी एकेक करून निघून जातात, पाहुणे मात्र तेवढेच राहतात, आणि मग शेजाऱ्याचं लक्ष शेजाऱ्याच्या ताटात जातं.

म्हणून दाट द्रावणात शंभर आयन असले तरी ते शंभरासारखे वागत नाहीत. कधी साठांसारखे वागतात, कधी दीडशेंसारखे. कोण कुणाला ओढतं, कोण कुणाला ढकलतं, किती तापमानाला त्यांचं भांडण वाढतं, याची कोष्टकं लोकांनी आयुष्यं घालवून तयार केलेली आहेत. मी ती कोष्टकं वापरते, बाकी स्वप्नं बघते. या धंद्यात स्वप्नाळू माणसाला चांगलं पोट भरता येतं, याचं मला कित्येक वर्षं नवल वाटत आलंय.

कान्ह्याजवळच्या एका कारखान्यानं सांडपाणी आटवायचं नवं यंत्र बसवलं, तेव्हाची ही गोष्ट. त्या पाण्याचा एक थेंबही नाल्यात सोडायचा नव्हता. सगळं आटवून त्याचं गोडं पाणी परत वापरायचं आणि उरलेला क्षार पोत्यात भरायचा. पाणी किती दाट होईपर्यंत आटवलं तर नळ्या भरणार नाहीत, एवढं मला सांगायचं होतं. मी पहिल्यांदा नमुने आणायला गेले तेव्हा त्या यंत्रावरच्या आबांची आणि माझी ओळख झाली.

आबा त्या इव्हॅपोरेटरचे ऑपरेटर. बाजूच्याच गावातले, घरी भातशेती, कारखान्यात बावीस वर्षं. सगळा कारखाना त्यांना आबा म्हणायचा, साहेबसुद्धा. मी बाटल्यांत नमुना भरून घेतला तर त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्ये असं नेलं तर घरी जाईस्तवर गार पडंल. मंग तळाला बसलेलं दिसंल आन तुमी म्हणाल आबाच्या पान्यात गाळ हाय." मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दोन्ही बाटल्या त्यात गुंडाळल्या, वरून वर्तमानपत्र लावलं आणि सुतळीनं बांधून दिल्या. तापमान जपायला हवं हे मी शिकले होते. टॉवेलात कसं जपायचं हे शिकले नव्हते. बाटल्या लोणावळ्यात पोचल्या तेव्हाही हाताला कोमट लागत होत्या.

त्या पाण्यात मुख्यतः सोडियम, सल्फेट आणि कार्बोनेट होतं. गणित मांडताना आधी एक यादी करावी लागते, या पाण्यातून कोणकोणते घन क्षार बाहेर पडू शकतात त्याची. प्रत्येक नावापुढे एक चौकोन असतो. चौकोनात खूण केली तर संगणक त्या क्षाराचा विचार करतो. खूण नसेल तर तो क्षार जगात नाहीच असं धरून पुढे जातो. मी सगळ्या नावांपुढे खुणा केल्या आणि गणित सोडवायला लावलं. ते जुळेना. यादीत एक दुहेरी क्षार होता, सल्फेट आणि कार्बोनेट दोघांना एकाच खड्यात बसवणारा. संगणक कधी त्याला बाहेर काढायचा, कधी परत विरघळवायचा, आणि शंभर फेऱ्या मारून लाल अक्षरांत हात टेकायचा.

ऑगस्टमधली दुपार होती. धुकं इतकं दाट होतं की समोरचा आंबासुद्धा गेलेला. आई आत झोपली होती, दोरीवरचे कपडे तीन दिवस ओलेच होते, आणि माझ्या डोळ्यांवर मस्त गुंगी येत होती. मी त्या दुहेरी क्षारापुढची खूण काढली. तात्पुरती, उरलेलं नीट चालतंय का ते बघायला. गणित लगेच जुळलं. सुंदर गुळगुळीत वक्र रेषा आल्या, आणि मी बराच वेळ त्यांच्याकडे नुसती बघत बसले. खूण परत करायची हे मला माहीत होतं. मग चहा झाला, मग दुसरं काम आलं, आणि तसाच अहवाल गेला. पाणी कितपत दाट चालेल याचा एक हिरवा पट्टा मी अहवालात काढला होता. या पट्ट्यात राहिलात तर काही खाली बसणार नाही, असं त्याखाली लिहिलं होतं.

जानेवारीत साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे त्या कारखान्याचे व्यवस्थापक, सरळ पण घाईचे गृहस्थ. शनिवारी दुपारी यंत्र बंद केलं होतं आणि सोमवारी सकाळी सुरू करायला गेले तर यंत्रातलं दाट पाणी वाहून नेणारी लाईन पांढऱ्या कठीण थरानं गच्च भरलेली. सगळं काम अडलेलं. त्यांचा नियम असा होता की बंद करताना वीस मिनिटं लाईनमध्ये गरम पाणी मारायचं, म्हणजे दाट पाणी आत राहत नाही. आबांनी लॉगबुकात तसं लिहिलं होतं, वेळ घालून, सही करून. साहेबांनी मला एकच विचारलं, पाणी मारलं असेल तर असं होऊ शकतं का.

मी माझा वक्र उघडून पाहिला. दोन ओळींचं उत्तर लिहिलं. पट्ट्यात काम चाललं असेल आणि नंतर लाईन धुतली असेल तर घन क्षार होणार नाही. लाईन न धुता तशीच राहिली आणि तीस अंशांच्या खाली गार झाली, तर सल्फेटचे खडे होतील. मावळात त्या आठवड्यात सकाळी दवानं गवत पांढरं होत होतं, त्यामुळे गार होण्याचं कोडंही सुटलं. उत्तर पाठवून मी शाल गुंडाळून उन्हात जाऊन बसले. फार बरं वाटत होतं.

त्या दोन ओळींवर आबांना नोटीस गेली. काम न करता खोटी नोंद केल्याची. निवृत्तीला त्यांचं दीड वर्ष राहिलं होतं आणि चौकशीत आरोप टिकला तर त्यांना काढून टाकणार होते. हे मला कळलं पुढच्या आठवड्यात, साहेबांनी चौकशीच्या आधी एका बैठकीला बोलावलं तेव्हा. त्या शनिवारी आबांच्या भाचीचा साखरपुडा होता, तिकोणा पेठ गावात, संध्याकाळी. माणूस घाईत होता, पाणी मारायचं राहिलं, पोटात भीती होती म्हणून लिहून टाकलं, असा सगळ्यांचा अंदाज. गेटच्या रजिस्टरमध्ये ते पाळी संपल्यावरच बाहेर पडल्याची नोंद होती, पण तिला कोणी किंमत देत नव्हतं. प्रयोगशाळेनं त्या थरात सल्फेट आहे का ते तपासलं होतं. होतं. आणखी काही आहे का ते तपासलं नव्हतं, कारण माझ्या अहवालाप्रमाणे असायलाच नको होतं.

बैठकीत आबांना आत बोलावलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. साहेबांनी लॉगबुक त्यांच्यापुढे सरकवलं आणि विचारलं, "ही सही तुमचीच ना?" आबा म्हणाले, "व्हय, माजीच." साहेब म्हणाले, "ठीक आहे, या." एवढंच. आबांनी जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. त्यात राग नव्हता, ओळख होती, आणि मला ती नकोशी झाली. मी मनात म्हणत होते की चांगल्या माणसाकडूनही अशी चूक होते, साखरपुडा होता, होतं असं. मी त्यांना माफसुद्धा करून टाकलं होतं. माझा तेव्हाचा तो मोठेपणा आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

परतीची लोकल दोन तासांनी होती. चौकशी होईपर्यंत आबांना यंत्रावरून काढून बागेच्या कामाला लावलं होतं. कँटीनच्या मागं करंजाच्या झाडाखाली ते डबा उघडून बसले होते, आणि मला दुसरीकडे जायला जागाच नव्हती. "या मॅडम, बसा," ते म्हणाले. त्यांनी नाचणीची भाकरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली, वर घेवड्याची भाजी. खाली रुळांवरून मालगाडी जात होती, तिचे डबे संपतच नव्हते. ऊन पानांतून गळत होतं. दोष दिलेल्या माणसाशेजारी बसून जेवताना इतकं शांत वाटू नये, पण वाटत होतं.

भाकरी संपल्यावर आबांनी सदऱ्याच्या खिशातून एक कागदाची पुडी काढली. तिच्यात लाईनमधून फोडून काढलेल्या त्या थराची एक खपली होती, बोटाच्या पेराएवढी. "ह्ये बघा," म्हणाले. "ह्ये मला समजंना झालंय. आमच्या पान्यातला खडा मी वळखतो. बाजूच्या टाकीत थंडीत बसतो त्यो. काचंवानी असतो, मुठीत धरला तर घडीभरानं वलसर व्हतो. ह्ये मी परवा सकाळपास्नं धरून बसलोय. घाम आला हाताला, पर ह्यो कोरडाच."

त्यांचं म्हणणं मी ऐकत होते, पण अर्धवट. सल्फेटच्या खड्याच्या पोटात पाणी असतं आणि हाताच्या उबेनं तो त्याच पाण्यात विरतो, हे मला पाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. मुठीत धरून कधी बघितलं नव्हतं.

"आन दुसरं," आबा म्हणाले. डब्यात लिंबाची एक फोड उरली होती. त्यांनी ती खपलीवर पिळली.

खपली फसफसली. बारीक बारीक बुडबुडे आले, पांढरा फेस झाला, रस कागदावरून ओघळला आणि आबांच्या अंगठ्यावर येऊन थांबला. मी आधी त्यांना रागावले, कारखान्यातलं काही जेवणाच्या डब्याजवळ आणायचं नाही म्हणून. ते हसले. "त्ये खरंय. पर मीठ असं करत न्हाई मॅडम. ह्यो तर सोड्यावानी करतोय."

मी त्या फेसाकडे बघत राहिले. लिंबानं फसफसतं ते कार्बोनेट. माझ्या गणितात कार्बोनेट पाण्यातच राहणार होतं, शेवटपर्यंत, कुठल्याही खड्यात जाणार नव्हतं. आणि इथं ते खपलीत होतं, सल्फेटच्या मांडीला मांडी लावून. मी ती पुडी मागून घेतली, काहीतरी बोलले, काय ते आठवत नाही, आणि स्टेशनकडे निघाले.

दुपारच्या लोकलमध्ये चार माणसं होती. कामशेत गेलं, मळवली आलं, बाहेर करडं गवत आणि त्यावर उभ्या म्हशी. एरवी या रस्त्यावर मी हमखास डोळे मिटते. त्या दिवशी मिटले तर ऑगस्टमधली ती दुपारच दिसायला लागली, धुक्यात गेलेला आंबा, ओले कपडे, आणि एक छोटा रिकामा चौकोन. दोघांना एका खड्यात बसवणारा दुहेरी क्षार. मला नाव आठवलं, जागा आठवली, खूण काढतानाचा बोटाखालचा आवाजही आठवला. खूण परत केल्याचं मात्र कुठंच आठवेना.

घरी आल्यावर चप्पल पायातच ठेवून संगणक उघडला. चौकोन रिकामा होता. खूण करून गणित चालवलं, ते पूर्वीसारखंच लाल झालं. या वेळी मी त्याला सोडलं नाही. सुरुवातीचे अंदाज बदलले, पाणी थोडं थोडं करून आटवत नेलं, संगणकाला लहान पावलांनी चालायला लावलं. दिवेलागणीच्या आधी ते जुळलं. आई चहा ठेवून गेली होती, त्यावर साय धरली होती.

तो क्षार उलट्या खोपडीचा निघाला. बहुतेक क्षार तापवलं की जास्त विरघळतात, हा तापवलं की कमी. म्हणजे तो गार लाईनमध्ये बसतच नव्हता. चालू यंत्राच्या सगळ्यात गरम नळ्यांवर तो कित्येक आठवडे रोज थोडा थोडा भाजून बसत होता, माझ्या हिरव्या पट्ट्याच्या अगदी मधोमध. वीस मिनिटांच्या गरम पाण्यानं तो निघण्यासारखा नव्हता. शनिवार-रविवारच्या थंडीत नळ्या आकसल्या, तेव्हा त्याचे पापुद्रे सुटले आणि सोमवारी पंप सुरू होताच ते सगळे येऊन लाईनच्या वळणात अडकले. आबांनी पाणी मारलं असतं तरी हे झालं असतं, नसतं मारलं तरी झालं असतं. माझ्या दोन ओळी साफ खोट्या होत्या आणि त्यांच्यावर मी सही केली होती.

मला भीती वाटली. हे लपवायला कारण नाही. कामं ओळखीवर मिळतात आणि अशी गोष्ट एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात पोचायला वेळ लागत नाही. आणखी एक होतं, ते सांगायला जड जातं. मला त्या गुळगुळीत वक्रांचं दुःख झालं. इतके देखणे होते ते. मी खिडकीत जाऊन उभी राहिले. दरीत दिवे लागत होते. खंडाळ्याच्या बाजूनं गार वारा येत होता.

सकाळी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग असं करू. सॉफ्टवेअरची मर्यादा, असं लिहून द्या. तुमच्यावर नको, आमच्यावर नको. नोटीस मी मागं घेतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता. मला क्षणभर त्यांचे पाय धरावेसे वाटले. वाक्य तयारच होतं, आणि कुणालाही कधी त्यात काही वावगं दिसलं नसतं.

मी म्हणाले, "सॉफ्टवेअरमध्ये तो क्षार होता. मी काढला."

"ते मला कळलं हो. पण लिहिण्याची काय गरज आहे?"

"आबांच्या नोटिशीत 'खोटी नोंद' असं लिहिलंय ना? मग खोटं काय होतं ते कुठंतरी लिहायला हवं."

साहेब म्हणाले, "तुमची मर्जी." मी तसं लिहून दिलं. तो क्षार माझ्या हातून वगळला गेला, परत घ्यायचं मला आठवलं नाही, पहिलं उत्तर चुकीचं होतं. त्या कारखान्याचं काम पुढे मला मिळालं नाही. दुसऱ्या दोन ठिकाणांहूनही फोन यायचे थांबले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर मी यादीतल्या प्रत्येक चौकोनाशेजारी हातानं कारण लिहून ठेवते, एवढं शहाणपण आलं.

सुधारलेला अहवाल द्यायला मी शेवटचं कान्ह्याला गेले तेव्हा आबा परत यंत्रावर होते. लोखंडी जिना चढून वर गेले. वाफेनं तिथं कायम मळभ असतं, पलीकडचा डोंगर विरघळल्यासारखा दिसत होता. आबा चिंधीनं एक व्हॉल्व पुसत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं.

"चूक कुनाची व्हती म्हणं?" त्यांनी विचारलं. "साहेब म्हनलं, काम्पुटरची."

"माझी होती. तिकडं बघू नकोस असं कॉम्प्युटरला मीच सांगितलं होतं."

आबांनी मान डोलावली. व्हॉल्व पुसून झाला होता तरी ते पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तुमाला बी वाटलं व्हतं का, मी पानी न मारताच गेलतो?"

नाही म्हणता आलं असतं. हातावर भाकरी ठेवणाऱ्या माणसाला खरं सांगणं किती कठीण असतं ते मला त्या मिनिटाला कळलं. "हो आबा," मी म्हणाले, "वाटलं होतं." मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी डोंगराकडे बघितलं.

"बरं," आबा म्हणाले. त्यांचा आवाज होता तसाच होता. "मला नोटिशीचं येवडं न्हाई लागलं. सायबानं लॉगबुक बघितलं, गेटचं रजिस्टर बघितलं, तुमच्याकडनं लिवून मागवलं. घरी बी सगळे बसले, वकील कोन करायचा, गावात काय सांगायचं. तिकोना पेठंवाले म्हनले, आमच्या पायी झालं. बायको देवाला बोलून आली. पर आबा, तू पानी मारलंस का, ह्ये मला येकानं बी इचारलं न्हाई."

खाली पंपाचा एकसुरी आवाज चालला होता. मी आठवून बघितलं. बैठकीत मी समोर बसले होते. करंजाखाली शेजारी बसले होते. घरी जाऊन सगळं गणित सोडवलं होतं, आणि त्यांनी पाणी मारलं की नाही याला काहीच अर्थ नाही असं सिद्धही केलं होतं. नोटीस मागं घेतल्यावर तर कुणाला विचारायचं कारणच उरलं नव्हतं.

"आबा," मी म्हणाले, "त्या शनिवारी तुम्ही पाणी मारलं होतं का?"

त्यांनी चिंधी खाली ठेवली. हात पँटला पुसले. नीट माझ्याकडे बघून ते म्हणाले,

"व्हय. मारलं व्हतं."